सातबारा मोबाइलवर, बांध गावात

शेतजमिनीचे प्रश्न : वाचकांची पत्रं आणि उत्तरं
उत्तरं देतात : नाशिकचे एक निवृत्त भूकरमापक (जमिनीची सरकारी मोजणी करणारे)

प्रश्न : मी मूळचा निफाड तालुक्यातला. आयटीआय करून चाकणला कंपनीत लागलो आणि तिथंच खोली करून राहतो. वडील मागच्या दिवाळीत गेले. गावी आई एकटी असते. आमच्या गटाचं क्षेत्र १ हेक्टर ८२ आर आहे. निम्मं आमचं, निम्मं चुलत्यांचं. आजोबांनी दोघा भावांना तोंडी वाटून दिलं होतं, मधे बांध आहे. पूर्वेच्या शेजाऱ्यांनी द्राक्षबाग लावली तेव्हापासून तिकडचा बांध आमच्याकडे सरकला, असं आई म्हणते. पूर्वी त्या बांधावर एक बाभूळ होती, तिच्या बुंध्याशी दगड होता. आता दोन्ही नाहीत. मोबाइलवर नकाशा उघडून शेतात उभं राहिलो, तर आमची हद्द त्यांच्या बागेतल्या दुसऱ्या ओळीत दिसते. वडील सांगायचे, आपलं सव्वादोन एकर आहे. आमच्या हिश्शाला सातबाऱ्यावर ९१ आर आहेत. चुलते म्हणतात, कशाला वाद. मला सुट्टी रविवारी आणि रविवारी सगळी ऑफिसं बंद. सरळ मोजणी मागवू का? सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, चाकण

उत्तर : क्षेत्राचं आधी सांगतो, कारण त्यात काळजीचं काही नाही. गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठ्याहून किंचित लहान. सव्वादोन एकराचे ९० गुंठे होतात आणि ९० गुंठ्यांचे ९१ आर. वडील बरोबर सांगत होते. कागदावर तुमचं क्षेत्र एका आरानंही कमी झालेलं नाही.

बांध सरकला असेल तरी सातबाऱ्यावर ९१ आरच दिसणार, आणि बाहेरगावी नोकरी करणारी मुलं इथंच फसतात. महिन्या-दोन महिन्यांनी मोबाइलवर उतारा पाहतात, नाव आहे, क्षेत्र आहे, म्हणजे जमीन जागेवर आहे असं धरून चालतात. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातमध्ये जमीन कोणाची आणि किती, बारामध्ये तिच्यात काय पिकलं. ती कुठून सुरू होते आणि कुठं संपते, हे त्यात कुठंच लिहिलेलं नसतं. हद्द नकाशात असते, आणि नकाशे तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे नाही, तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात असतात. तुमचं खरं काम तिथं आहे.

मोजणी मागवायची, पण लगेच नाही. आधी तुमचं नाव लागू द्या. वारस नोंदीबद्दल पत्रात अवाक्षर नाही, म्हणजे ती राहिली असावी असं मी धरतो. वारसाहक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवायचं असा नियम आहे, पण उशीर झाला म्हणून नोंद अडत नाही. ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवर हा अर्ज चाकणच्या खोलीतूनही करता येतो. वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नसेल, तर आई, तुम्ही, सगळी भावंडं आणि आजी हयात असेल तर तीही वारस. बहिणी असतील तर त्यांची नावं वगळायचा विचारही करू नका. ‘त्यांना काय करायचंय जमीन’ असं म्हणणारं कोणीतरी गावात भेटेलच. बहिणीला आपणहून हक्क सोडायचा असेल तर त्यासाठी नोंदणीकृत हक्कसोडपत्र असतं. नाव लपवून केलेली नोंद पुढं दहा वर्षांनी घर फोडते, हे मी जवळून पाहिलं आहे.

तुमच्या पत्रात हद्दी दोन आहेत, आणि तुम्ही त्या एकातच गुंडाळल्या आहेत. पूर्वेच्या शेजाऱ्याशी असलेली हद्द ही गटाची बाहेरची हद्द. ती सरकारी नकाशात आहे, हद्द कायम मोजणीत ती जमिनीवर दाखवता येते. चुलत्यांच्या आणि तुमच्या मधला बांध मात्र आजोबांच्या शब्दावर उभा आहे. तोंडी वाटणी झाली, नकाशात पोटहिस्सा, म्हणजे गटातला वेगळा हिस्सा, पडलेला नाही, म्हणजे सरकारी कागदात ती रेघच नाही. भूकरमापक ती दाखवणार कशी? त्यासाठी आधी वाटणी कागदावर आली पाहिजे. सगळ्या सहधारकांची संमती असेल तर महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो, मग पोटहिस्सा मोजणी होते आणि सातबारे वेगळे होतात.

म्हणून चुलत्यांना आधी भेटा, फोनवर बोलू नका. पूर्वेचा बांध खरंच सरकला असेल तर तो त्यांच्याही गटाचा सरकला आहे, आणि पोटहिस्सा पडेपर्यंत गट दोघांचा सामाईक आहे. मोजणीच्या अर्जावर त्यांची सही असेल तर निम्मं काम झालं. ‘काका, आपल्या दोघांचा बांध आहे तसाच राहू द्या, तो फक्त कागदावर आणू. आणि पूर्वेला मोजून घेऊ,’ एवढंच बोला. त्यांना वाद नको आहे, ही चांगली गोष्ट आहे. मोजणी म्हणजे वाद नाही, हे त्यांना तुमच्या तोंडून कळू द्या.

आता कागद. तुमचं गाव एकत्रीकरण झालेलं आहे, नाहीतर तुम्ही गट न म्हणता सर्व्हे नंबर म्हणाला असता. १९४७ च्या कायद्यानं जमिनीचे तुकडे एकत्र करण्याची योजना आली आणि ती राबवली गेली त्या गावांत जुन्या सर्व्हे नंबरांचे गट झाले. कोणत्या जुन्या नंबरातून तुमचा गट तयार झाला, हे योजनेच्या उताऱ्यावर कळतं. त्या उताऱ्याला कार्यालयात ‘नऊ तीन नऊ चार’ म्हटलं की समजतात. सोबत गटाचा नकाशा, जुन्या सर्व्हे नंबराचं टिपण, म्हणजे मोजणीची मापं लिहिलेला कागद, फाळणी (नंबराचे हिस्से) झालेली असेल तर फाळणी नकाशा, आणि या गटाची यापूर्वी कधी मोजणी झाली असेल तर तिची नक्कल मागा. शेवटचं विचारायला लोक विसरतात. शेजाऱ्यानं बागेसाठी कर्ज काढताना किंवा विहिरीच्या वेळी त्याच्या गटाची मोजणी करून घेतली असेल, तर तुमचा सामाईक बांध त्या नकाशात आधीच आलेला आहे. नकलांच्या अर्जाला तुम्ही स्वतः जायची गरज नाही. आईच्या सहीनं अर्ज करून घरचं कोणीही जाऊ शकतं.

टिपण हातात आलं की घाबरू नका. जुनी मोजणी शंकू-साखळीनं झालेली असते आणि रेघांवरचे आकडे साखळी-आण्यात असतात. साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे, म्हणजे आणा साधारण दोन फुटांचा. एखाद्या रेघेवर ७ साखळ्या ८ आणे लिहिलं असेल तर ते साडेसात साखळ्या, म्हणजे साडेदोनशे फुटांना थोडं कमी, सुमारे ७५ मीटर. तुमच्या पूर्वेच्या बांधाची लांबी, आणि उत्तरेच्या व दक्षिणेच्या कोपऱ्यातली रुंदी, एवढे तीन आकडे टिपणातून काढा आणि रविवारी गावी गेलात की टेपनं शेतात टाकून बघा. पुरावा म्हणून नव्हे, तुमच्या समाधानासाठी. दोन टोकांना रुंदी जुळली आणि मधेच कमी भरली तर बांध पोटात कोरला गेला आहे. एका टोकाला कमी आणि दुसऱ्या टोकाला बरोबर असेल तर कोपऱ्याची खूण हललेली आहे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि शेजाऱ्याशी बोलताना त्यांनी फार फरक पडतो.

मोबाइलच्या नकाशावर भिस्त ठेवू नका. गावनकाशा स्कॅन करून उपग्रहाच्या चित्रावर बसवला की तो थोडा इकडेतिकडे होतो, आणि फोनचं जीपीएस मोकळ्या रानातही चार-पाच मीटर चुकतं. द्राक्षाच्या दोन ओळींतलं अंतर साधारण तीन मीटर. म्हणजे तुम्हाला हद्द दुसऱ्या ओळीत दिसली ती खरी पहिल्या ओळीत असेल, बांधावर असेल, किंवा तुमच्याच शेतात असेल. तो फोन शेजाऱ्यापुढं धरून ‘बघा, इथं दाखवतंय’ असं म्हणू नका. तुमचं म्हणणं खरं असलं तरी तिथून ते हलकं पडतं.

बागेबद्दल एक बारकावा सांगतो. मांडवाच्या कडेच्या अँगलला ताण द्यायला तार बाहेरच्या बाजूला नेतात आणि जमिनीत पुरलेल्या दगडाला बांधतात. तो दगड बांधावर किंवा बांधाच्या अलीकडे आला की लोकांना वाटतं, शेजाऱ्यानं तिथवर जमीन घेतली. ताणाचा दगड आत येणं आणि हद्द आत येणं एक नाही. रोपांची पहिली ओळ कुठं आहे ते बघा. आणि काही झालं तरी त्या तारेला हात लावू नका. एक ताण सुटला तर अख्खी ओळ झुकते, मग मोजणी बाजूला राहते आणि पोलिस ठाणं सुरू होतं.

बांध कोरणं हा प्रकार मात्र आपल्याकडे आहे, आणि तो नांगराच्या एकेका तासानं होतो. ६०० फूट लांबीच्या बांधाला वर्षाला एक फूट जरी कोरलं तरी दोन वर्षांत गुंठ्याहून जास्त जमीन गेली. घरात कोणी बांधावरून फिरणारं नसलं की हे कळत नाही. तुमच्या आईला ते कळलं, कारण त्या रोज तिथं जातात. त्यांचं म्हणणं ‘बाईमाणसाचं बोलणं’ म्हणून कोणी उडवून लावू लागलं, तर तुम्ही उडवू देऊ नका.

पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा आईला घेऊन चारही बांधांवरून सावकाश चाला. बाभूळ नेमकी कुठं होती, तिथून विहीर किती लांब होती, पाटाचं पाणी कुठून वळायचं, ते त्यांना बोलू द्या आणि फोनवर रेकॉर्ड करा. बाभूळ तोडली तरी बुंधा आणि मुळं जमिनीत बरीच वर्षं राहतात. जुना हद्दीचा दगडही पुष्कळदा कोणी उचलून नेलेला नसतो, नांगरटीत आडवा पडून मातीखाली जातो. आईनं दाखवलेल्या जागी स्वतः खणू नका. ती जागा मोजणीच्या दिवशी भूकरमापकासमोर, शेजाऱ्यासमोर उकरली तर तिला किंमत आहे.

आणखी एक विचारा : बाग कोणत्या वर्षी लागली? दुसऱ्याच्या जमिनीवर १२ वर्षं उघडपणे, मालकाच्या हक्काविरुद्ध ताबा राहिला, तर १९६३ च्या मुदत कायद्यानं मूळ मालकाचा दावा अडचणीत येऊ शकतो. वर्ष कागदावर शोधायचं असेल तर शेजाऱ्याच्या गटाचा गाव नमुना बारा पाहा. पीकपाहणीत ‘द्राक्ष’ पहिल्यांदा ज्या वर्षी आलं, ते वर्ष तुम्हाला धरता येईल. सातबारा कोणाचाही पाहता येतो, त्यात लपवाछपवी काही नाही. बारा वर्षं भरत आली असतील तर मोजणीची वाट न बघता आधी वकील गाठा.

मोजणीची वेळ साधणं महत्त्वाचं आहे. निफाडकडे उन्हाळ कांदा निघाला की रान मोकळं होतं आणि साधारण त्याच सुमाराला, एप्रिलमध्ये, बागेची खरड छाटणी होते, म्हणजे वेली छाटून मांडव रिकामा होतो. हल्ली मोजणी रोव्हर या उपग्रहावर चालणाऱ्या यंत्रानं होते, त्याला वर मोकळं आकाश लागतं. पानांनी भरलेल्या मांडवाखाली ते यंत्र नीट चालत नाही. म्हणून दिवाळी झाली की अर्ज टाका. साध्या मोजणीला काही महिने जातात, द्रुतगतीची फी बरीच जास्त आहे आणि तुम्हाला तिची गरज नाही. अर्ज ई-मोजणी या ऑनलाइन प्रणालीवर होतो. त्यात लगतच्या सगळ्या खातेदारांची नावं आणि पत्ते अचूक भरा, त्यांचे ताजे सातबारे समोर ठेवूनच भरा. शेजारी वारला असेल आणि नोटीस त्याच्या नावानं गेली, तर उद्या त्याचा मुलगा म्हणेल, आम्हाला न कळवता मोजली, आणि सगळा खटाटोप वाया.

तारीख आली की रजा काढा. कंपनीत आधीच सांगून ठेवा, कारण मोजणी रविवारी होत नाही. बाकी सगळं चाकणहून होईल, आईकडून होईल, चुलत्यांकडून होईल. हा दिवस मात्र तुमचा. भूकरमापक आधी आजची वहिवाट मोजतो, म्हणजे आता बांध जिथं आहेत ते. मग जुन्या नकाशातली हद्द त्यावर बसवतो आणि खुणा दाखवतो. त्याला लांबच्या पक्क्या खुणा लागतात, गावाच्या शिवेवरचा दगड, जुनी विहीर, शेजारच्या गटांचे न हललेले बांध. त्या कुठं आहेत हे दाखवायला गावातलं एखादं जुनं माणूस सोबत ठेवा. हद्दीचे दगड आणि कुदळ घेऊन एक गडी तयार ठेवा. खूण दाखवली की तिथल्या तिथं दगड पुरा. चुन्याची फक्की पहिल्या पावसात जाते. जबाब आणि पंचनामा वाचूनच सही करा. शेजाऱ्यानं सही नाकारली तर तसं लिहिलं जातं, तुम्ही त्याच्या अंगावर जायचं कारण नाही.

नंतर ‘क’ प्रत मिळते, तोच तुमचा मोजणी नकाशा. मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागता येते, त्यावरही समाधान नसेल तर सुपर निमताना. शेजाऱ्यालाही तोच मार्ग मोकळा आहे, हे लक्षात असू द्या. भूकरमापक हद्द दाखवतो, ताबा देत नाही. अतिक्रमण निघालं आणि समोरचा ऐकेना, तर पुढचा रस्ता दिवाणी न्यायालयाचा. पण हातात ‘क’ प्रत असली की बहुतेक शेजारी बोलायला बसतात, त्यातही बागवाले लवकर बसतात, कारण मांडवावर त्यांचा फार पैसा अडकलेला असतो. ती ओळ काढायची, का आहे तोपर्यंत राहू देऊन बाग मोडल्यावर जमीन परत घ्यायची, हे तुम्ही ठरवा. जे ठरेल ते स्टॅम्पपेपरवर लिहून घ्या, दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार. शब्दावर सोडू नका. आजोबांच्या शब्दावरचा बांध आज तुमच्यापुढं आहेच.

प्रश्न : मी मस्कतला आहे. दिंडोरी तालुक्यातल्या जमिनीच्या मोजणीसाठी धाकट्या भावाला अधिकार देता येईल का?
– एक वाचक, मस्कत

उत्तर : येईल. कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय दूतावासात सही करून साक्षांकित करा आणि मूळ कागद भावाकडे पाठवा. तो महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथं मुद्रांक शुल्क भरायला सांगा. मजकूर आखूड ठेवा : मोजणीचा अर्ज, हजर राहणं, नकाशे आणि नकला घेणं, हरकत नोंदवणं. ‘विक्रीसह सर्व अधिकार’ असा तयार छापील मसुदा कोणी पुढं केला तर त्यातली विक्री, गहाण आणि हक्कसोड काढूनच सही करा. भावावर विश्वास नाही म्हणून नव्हे. तो कागद उद्या कोणाच्याही हाती पडू शकतो.

प्रश्न : सिन्नर तालुक्यात आमच्या गटावर शेजारी आणि त्यांच्या गटावर आम्ही, असं वडिलांच्या आधीपासून कसत आलो आहोत. एकमेकांशी काहीच तक्रार नाही. कागद कसे सरळ करायचे?
– एक वाचक, सातपूर

उत्तर : एकत्रीकरणाच्या वेळी गट एकाच्या नावावर आणि वहिवाट दुसऱ्याची, असं पुष्कळ गावांत झालं आहे. खास अशा अदलाबदलीसाठी राज्य सरकारनं जानेवारी २०२३ मध्ये सलोखा योजना आणली. एकाचा ताबा दुसऱ्याच्या जमिनीवर आणि दुसऱ्याचा पहिल्याच्या, असा किमान १२ वर्षं असेल आणि दोघं राजी असतील, तर अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क १००० रुपये आणि नोंदणी फी १००० रुपये. ताब्याची खातरजमा गावपातळीवर पंचनाम्यानं होते. योजना मुदतीची आहे, तेव्हा दस्त लिहायला घेण्याआधी दुय्यम निबंधक कार्यालयात ती चालू असल्याची खात्री करा. आणि सातपूरहून सिन्नर तासाभराचं आहे, या महिन्यातच जाऊन या. आज दोन्ही घरांतली तक्रार नसलेली माणसं हयात आहेत; त्यांच्या सह्या आत्ताच होऊ द्या.